असा परिवार आहे

ऑफिसात त्यांना सगळे हळहळकाका म्हणत. अगदी तोंडावरसुद्धा! चाळीस वर्षं पेपरात निधनवार्ता लिहायच्या म्हणजे काय गंमत आहे? माणूस ‘अल्पशा आजाराने’च जाणार, स्वभाव ‘मनमिळाऊ’च असणार, परिसरात ‘हळहळ’च व्यक्त होणार आणि शेवटी ‘असा परिवार आहे’. काका म्हणायचे, “ठरलेले शब्द बरे. घरच्यांना रडता रडता वाचता येतात.”

घरी थोरली बहीण, ताई. दोघांनीही लग्न केलं नाही, दोघंच एकमेकांना. रोज सकाळी ती काकांचाच मजकूर मोठ्यानं वाचायची आणि फिस्सकन हसायची. “मनमिळाऊ? हा समोरचा घरमालक? अख्खा जन्म भांडण्यात गेला मेल्याचा! आणि अल्पसा आजार? आठ वर्षं अंथरुणाला खिळला होता!” मग बोट रोखून म्हणायची, “माझ्या वेळी हे ठरलेल्या शब्दांचे ठोकळे घालशील तर याद राख. खरं ते लिही.”

आणि तिलाच नेमका अल्पसा आजार झाला. साधा ताप, चौथ्या दिवशी खेळ संपला.

काका कामावर आले. ताईवरच्या चार ओळींसाठी अख्खी दुपार गेली. आयुष्यात पहिल्यांदा हात अडला. शेवटी लिहिलं: ‘ताप येऊन चौथ्या दिवशी गेल्या. फटकळ होत्या. पेपर मोठ्यानं वाचत. मागे एक भाऊ आहे.’ कागद पेपरचं पान लावणाऱ्या बाईंकडे दिला आणि घरी गेले.

बाईंना काम काकांनीच शिकवलेलं. “परिवाराशिवाय निधनवार्ता सोडायची नाही,” हे वीस वर्षं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. दुःखात काकांना सुचलं नसेल, असं वाटून बिचारीनं मायेनं सगळं नीट केलं.

सकाळी पेपर आला. आज मोठ्यानं वाचायची पाळी काकांवरच आली. ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन. मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय, पुतणे, नातवंडे असा मोठा परिवार आहे.’ वाचून झालं. घरात कोणी हसलं नाही.

काका तडक ऑफिसात. संताप नुसता! “भावजय? कुठून आणलीत भावजय?”

बाई रडकुंडीला आल्या. “काका, नेहमीचा साठवलेला मजकूर होता तो. भाऊ घातला, पुढचं पुसायचं राहिलं. उद्या दुरुस्ती टाकू. काय लिहायचं, तुम्हीच सांगा.”

दुरुस्तीचेही शब्द ठरलेलेच. काकांनी पेन काढलं. ‘भावजय, पुतणे, नातवंडे याऐवजी’ एवढं झरझर लिहिलं. पुढे लिहायचं होतं, ‘कोणी नाही, असे वाचावे’. पेन पुढे सरकेना. उद्या सगळं गाव हे वाचणार, आणि चहा पिताना ते स्वतःही वाचणार.

त्यांनी कागद चुरगळून खिशात कोंबला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

“राहू द्या, बाई,” ते म्हणाले. “ताईला तेवढी माणसं असू देत.”