कंट्रोलरसाहेबांची गोळी

रत्नागिरी स्टँडवरून सुटणारी कुठलीही गाडी डिझेलवर चालत नसे, ती आमच्या घरमालकांच्या काळजीवर चालत असे, असं माझं आजही ठाम मत आहे. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि सगळं गाव त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणे. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागलो होतो आणि त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत सहा वर्षं भाड्याने राहिलो. त्या सहा वर्षांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. "अहो टेलिफोन!" एवढीच हाक. रेल्वे तेव्हा कोकणात यायची होती. ऐंशीच्या त्या दशकात माणसाला कुठेही जायचं तर स्टँडवर यायलाच लागे आणि तिथे आलं की कर्ण्यातून कंट्रोलरसाहेबांचा आवाज यायचा. इतर गावी कर्ण्यातून गाडीचं नाव आणि फलाट एवढंच सांगत. आमच्याकडे सांगत, "हेदवीला जाणाऱ्या मंडळींनी लक्ष द्यावं. गाडी फलाट तीनवर लागलेली आहे. वळणं फार आहेत. पोटात ढवळत असेल त्यांनी आमसूल तोंडात धरावं. खिडकीतून हात बाहेर काढू नये. हात एकदा गेला की परत मिळत नाही." वरून तंबी आली की फक्त नाव आणि फलाट सांगा. दोन दिवस त्यांनी पाळली. तिसऱ्या दिवशी नाव आणि फलाट सांगून झाल्यावर कर्णा जरा वेळ नुसताच खरखरला आणि मग हलक्या आवाजात शब्द आले, "वारा आहे हो, कानाला बांधा."

घरी तर विचारू नका. निजण्यापूर्वी ते गॅसचं बटण तीनदा बघत, मग मला उठवून चौथ्यांदा बघायला लावत, कारण 'स्वतःच्या डोळ्यांवर माणसाने फार विसंबू नये.' मी दोन दिवसांसाठी कोल्हापूरला निघालो तरी 'सुखरूप पोचलो' असं पत्र टाकायचं असा दंडक होता. ते पत्र माझ्यामागून चार दिवसांनी येई. मी तोवर परत येऊन त्यांच्याच पडवीत चहा पीत असे, तरी पत्र हातात पडेपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नसे. बोरिवलीची गाडी पोचली का, हे विचारायला मी फुकट ट्रंककॉल लावून द्यावा म्हणून ते वरचेवर माझ्या मागे लागत. काकू, म्हणजे त्यांची बायको, बारीक चणीच्या आणि अत्यंत कमी बोलणाऱ्या. त्या एवढंच म्हणत, "जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्या ह्यांच्या छातीवरून जातात, त्याला कोण काय करणार?"

आम्ही हसत असू. ह्यात हसण्यासारखं काही नाही, हे एका श्रावणात कळलं. घाटात दरड कोसळली आणि एक गाडी सहा तास आली नाही. फोनच्या तारा तुटलेल्या, त्यामुळे मीही काही करू शकत नव्हतो. गाडी शेवटी आली. माणसं सुखरूप होती. दरडीच्या अलीकडच्या वाडीत त्यांना कोणी चहा आणि गरम पेज दिली होती, त्यामुळे ती खुशीतच उतरली. पण कंट्रोलरसाहेब फलाटावर उभे होते ते खाली बसले आणि त्यांना उठता येईना. छातीत धडधड, हातपाय गार, घामाने शर्ट ओला. "टेलिफोन, मी चाललो," एवढं ते माझा हात धरून म्हणाले. इस्पितळात कार्डिओग्रामची पट्टी काढली. हृदय उत्तम. पुढच्या दोन महिन्यांत असं पाच वेळा झालं. तीनदा पट्टी काढली आणि तिन्ही वेळा हृदय उत्तम निघालं. तिसऱ्या वेळी ते डॉक्टरांवर चिडले, "अहो, एवढं उत्तम आहे तर ते मला मारतंय कशाला?"

घरच्या डॉक्टरांनी त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, आणि घरात सुतक आल्यासारखं झालं. आमच्या गावात मनोरुग्णांचं मोठं इस्पितळ असल्यामुळे 'ह्याला तिकडे नेऊन घाला' ही शाळेपासूनची चेष्टा. हे डॉक्टर खाजगी दवाखान्यातच बसत, पण दाराबाहेर पाटी होतीच. आश्विनातल्या कडक उन्हात कंट्रोलरसाहेब उघडी छत्री तोंडासमोर धरून माझ्याबरोबर निघाले आणि दवाखान्यात शिरल्यावरही त्यांनी छत्री मिटली नाही. कोपऱ्यात एक गृहस्थ त्या उकाड्यात डोक्याला मफलर गुंडाळून बसले होते. छत्री जरा कलली, मफलर जरा सरकला आणि दोघांनी एकमेकांना ओळखलं. ते डेपो मॅनेजर होते, ह्यांचे साहेब.

"आपण इकडे?" मॅनेजर म्हणाले.

"डोळे दाखवायला," कंट्रोलरसाहेब म्हणाले. "आपण?"

"मीसुद्धा. डोळेच."

आणि दोघंही समोरच्या भिंतीकडे अगदी बारकाईने बघत बसले.

डॉक्टर तरुण होते, घाई न करणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ही वेडाची गोळी नाही, मनातली भीतीची घंटा विनाकारण वाजते आहे, ती ह्या गोळीने हळूहळू शांत होईल, असं त्यांनी सांगितलं. "पण एक आधीच सांगतो. त्रास पहिल्या दिवसापासून होईल आणि गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. तोंड कोरडं पडेल, उठताना चक्कर येईल, पोट साफ होणार नाही, हात कापतील, जवळचं अंधुक दिसेल. बहुतेक त्रास नंतर कमी होतो. जास्त झाला तर मला येऊन सांगा, पण गोळी मनाने बंद करू नका."

"म्हणजे मी बरा होण्यासाठी आधी आजारी पडायचं," कंट्रोलरसाहेब म्हणाले. डॉक्टर हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

पहिली गोळी घेण्याचा समारंभ मुंजीसारखा झाला. काकू पाण्याचं भांडं घेऊन, मी आणि माझी बायको साक्षीला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे ताडकन उठले, घर त्यांच्याभोवती एकदा फिरलं आणि ते तांदळाच्या डब्यावर जाऊन बसले. तेव्हापासून उठण्याची पद्धत ठरली. आधी डोळे उघडायचे, मग कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडून वीस आकडे मोजायचे. अठराव्या आकड्याला काकूंनी चहा आणून द्यायचा. पोटासाठी पपई, भिजवलेल्या मनुका आणि भाट्याच्या पुलापर्यंत चालणं. मात्र तोंडाच्या कोरडेपणाला उपाय सापडेना. ते घोट घोट पाणी पीत, खडीसाखर चघळत, आणि लोकांना दिलेला सल्ला स्वतः पाळून आमसूलही धरत. तरी ऐन माइकसमोर जीभ टाळूला चिकटायची. "चि... चि... चि..." असं कर्ण्यातून येई, आणि चिपळूणचे उतारू समजून घेऊन आपापल्या पिशव्या उचलत.

दहाव्या दिवशी मात्र हसण्यावारी नेता येईना. अंधुक दिसत असल्यामुळे त्यांनी तक्त्यावरचं 'लोटे' हे 'लांजे' असं वाचलं. लोट्याच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला जाणारी चार माणसं लांज्याच्या गाडीत बसली. गाडी हलताना एकाने आत विचारलं म्हणून कळलं. कंट्रोलरसाहेब धावत गाडीपुढे जाऊन हात आडवे करून उभे राहिले, गाडी थांबली, माणसं उतरली, त्यांना त्यांची गाडी मिळालीदेखील. ती माणसं चिडलीही नाहीत. एकाने तर "असू दे साहेब, होतं कधी कधी," म्हटलं. पण बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही माणूस चुकीच्या गाडीत गेला नव्हता. संध्याकाळी ते पडवीत टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले. मला म्हणाले, "टेलिफोन, भीती वाटायची तेव्हा निदान मला वाचता येत होतं."

त्या दिवसापासून त्यांनी गुपचूप गोळी बंद केली. गोळी तोंडात धरायची, पाणी प्यायचं आणि काकूंची पाठ वळली की ती आमसुलाच्या बरणीत टाकायची. दोन दिवस बरे गेले. मग मळमळ सुरू झाली, झोप गेली आणि पाचव्या दिवशी दुपारी जेवता जेवता पुन्हा ती धडधड आली, पहिल्यापेक्षा मोठी. ते भिंतीला टेकून "मी चाललो, मी चाललो," म्हणत होते. त्याच संध्याकाळी काकूंनी कढीसाठी बरणीत हात घातला आणि आमसुलांबरोबर पाच गोळ्या बाहेर आल्या.

सहा वर्षांत मी काकूंना सलग इतकं बोलताना एकदाच ऐकलं. आवाज चढवला नाही. गोळ्या तळहातावर घेऊन त्या त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दर वेळी चाललो म्हणता. मी दर वेळी तुमच्याबरोबर वाईच मरते. तुमची पट्टी काढतात, माझी कोण काढत नाय. ह्या गोळीने तोंड सुकतं म्हणता, तर सुकू दे. मी पाणी देईन. पण मला न सांगता हे असं करू नका हो."

कंट्रोलरसाहेबांनी खाली मान घातली. मग म्हणाले, "उद्या चल माझ्याबरोबर. डॉक्टरांना तूच सांग."

दुसऱ्या दिवशी दोघं गेली, छत्रीशिवाय. डॉक्टर रागावले नाहीत. एकदम बंद केल्याने हे झालं, असं म्हणाले. पुन्हा निम्म्या मात्रेने सुरुवात, आणि वाढवायची ती दर आठवड्याला थोडीथोडी. काही दिवस वाचण्याचं काम टाळा, हेही सांगितलं. म्हणजे साहेबांना खरं सांगणं आलं. कंट्रोलरसाहेब मॅनेजरांच्या खोलीत गेले आणि दार लावून म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मी डोळे दाखवायला आलो नव्हतो."

मॅनेजरांनी हातातली फाईल खाली ठेवली. "मी पण नाही," ते म्हणाले. "किती दिवस झाले?"

"निम्मी मात्रा, आज दुसरा दिवस."

"माझा चौथा महिना. मला सहाव्या आठवड्यात तोंडाला पाणी सुटलं. बांगडा तळत होते घरी. मी रडलो हो चक्क." मग त्यांनी खण उघडून लवंगांची डबी पुढे केली आणि महिनाभर माइकऐवजी चौकशीच्या खिडकीवर बसायला सांगितलं. तिथे वेळापत्रक वाचावं लागणार नव्हतं. ते कंट्रोलरसाहेबांना तोंडपाठ होतं.

त्यानंतर बरेच दिवस काहीच झालं नाही. चक्कर कमी झाली, हात चहा सांडण्याइतके कापेनात, पण भीती होती तिथेच होती. ते रोज संध्याकाळी मला विचारत, "काही फरक दिसतो का हो?" आणि मी खोटं न बोलता "बघू उद्या," म्हणे. मग एक दिवस ते एक्स्चेंजमध्ये येऊन थेट माझ्या टेबलापाशी उभे राहिले. मला वाटलं, पुन्हा काही झालं.

"टेलिफोन, गुहागरची गाडी आज पाऊण तास लेट होती."

"मग? आली का?"

"आली हो. ते नव्हे. ती लेट असताना मी डबा खाल्ला. सगळा. भेंडी होती. मीठ वाईच कमी होतं, तेसुद्धा कळलं." त्यांचे डोळे भरून आले होते. "पाऊण तास, आणि मी भेंडीकडे बघत होतो!"

सगळंच बरं झालं, असं नाही. मधूनमधून धडधड येई, पण आता ते खाली बसून ती जाईपर्यंत वाट बघत. दीड वर्षाने डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी केली. एक बारीकशी बरीच वर्षं राहिली, आणि तिचं त्यांना काही वाटेनासं झालं. उलट स्टँडवर कोणी घाबराघुबरा दिसला की ते त्याला बाजूला घेऊन डॉक्टरांचा पत्ता देत आणि बजावत, "पहिले चार आठवडे धीर धरा. उठताना वीस मोजा."

माझी बदली झाली. नंतर पत्रं आली-गेली, मग तीही थांबली. आता दोघंही नाहीत. त्यांची आठवण आली की मला तो माघातला रविवार डोळ्यांसमोर येतो. मी, माझी बायको आणि ती दोघं आरे-वारेच्या किनाऱ्यावर गेलो होतो. पोहे खाऊन झाल्यावर काकू सुरूच्या सावलीत जराशा आडव्या झाल्या आणि बघता बघता त्यांना गाढ झोप लागली. कंट्रोलरसाहेब त्यांच्याशेजारी बसले. वाऱ्याने पदर उडू नये म्हणून त्यांनी त्याचं टोक हाताखाली दाबून धरलं होतं. मी काही बोलायला गेलो तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. बऱ्याच वेळाने वरच्या रस्त्यावर आमच्या परतीच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी घाईने चपला शोधू लागलो. ते हललेदेखील नाहीत.

"जाऊ दे ती," ते कुजबुजले. "ही किती वर्षांनी झोपल्ये."