चार बोटं खाली

आईला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी ती रस्ताभर एक अवाक्षर बोलली नाही. खुब्याचा सांधा बदलला होता, ऑपरेशन चांगलं झालं होतं, डॉक्टर खूश होते. पण जीप दवाखान्याच्या दारात लावली आणि आईचा पाय काही केल्या फूटबोर्डापर्यंत पोचेना. मग एक वॉर्डबॉय आणि माझा नवरा, दोघांनी तिच्या काखेत आणि गुडघ्याखाली हात घालून तिला उचललं आणि सीटवर ठेवलं. जुळे सोलापुरात आमच्या इमारतीखाली तसंच उचलून उतरवलं. घरात पलंगावर बसल्यावर तिनं पदर सारखा केला आणि मग तोंड उघडलं.

"मी काय ज्वारीचं पोतं हाय व्हय गं?"

मी म्हटलं, "अगं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"मामाच्या हितं मेंढरांची कातरणी हाय. म्या जाणार. माज्या पायानं गाडीत चढून जाणार. कुणी हात लावला तर काठी हाणीन."

माझे मामा दुधनीच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून राहतात. त्यांच्याकडं मेंढरं आहेत. कातरणीच्या दिवशी लोकर निवडायला आईनं बसायचं, ही तिच्या माहेरची रीत. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं ती चुकवलेली मला आठवत नाही. मामा तिच्याहून धाकटे. त्यांनी फोनवर "आक्का, या खेपेला ऱ्हाऊ दे की" म्हटल्यावर तिनं फोनच ठेवून दिला होता. हट्टाच्या बाबतीत मी तिच्यावरच गेले आहे, त्यामुळं तिला समजावण्यात मी वेळ घालवला नाही.

लोकांनी सल्ले भरपूर दिले. जीप विका, छोटी गाडी घ्या, हा पहिला. पण छोट्या गाडीचं सीट खाली असतं आणि डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, गुडघ्यापेक्षा खाली बसायचं नाही, नवा सांधा निसटेल. जीपचं सीट बसायला अगदी तिच्या मापाचं होतं, फक्त तिथवर चढणं जमत नव्हतं. शिवाय ती जीप बाबांची. बाबा गेल्यावर आईनं घरातलं पुष्कळ काही वाटून टाकलं, पण गाडी ठेवली. दुसरा सल्ला स्टुलाचा. तोही करून पाहिला. पार्किंगच्या फरशीवर प्लास्टिकचं स्टूल सरकलं, वॉचमननं धावत येऊन आईला सावरलं, आणि त्यानंतर दोन दिवस आईनं माझ्याशी अबोला धरला. जणू स्टूल मीच ओढलं होतं.

तेव्हा मी ठरवलं, आई वर चढत नाही तर गाडी खाली येईल.

आधी माप काढलं. आईला भिंतीपाशी उभं केलं आणि म्हटलं, पाय जेवढा सहज वर येतो तेवढाच उचल, मर्दुमकी नको. तिनं पाय उचलला. तिच्या तळव्याच्या उंचीला मी तिच्याच काठीवर लाल दोरा बांधला. मग काठी खाली नेऊन जीपला लावली. दोरा आणि फूटबोर्ड यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. म्हणजे आईची चार बोटं, माझी नव्हेत. आईची बोटं जाड आहेत. आयुष्यभर लोकर पिंजून आणि भाकरी थापून झालेली.

अक्कलकोट रस्त्यावर आमचे जुने मिस्त्री आहेत. बाबांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याकडंच. माणूस हुशार, पण आपल्याला सगळं येतं हे समोरच्याला सांगितल्याशिवाय त्यांचा पाना फिरत नाही.

"ताई, एवढंच व्हय? पुढच्या स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाकू की. दुपारपातूर गाडी खाली."

"आणि खड्ड्यात गेली की?"

"थोडी आपटंल. गाडी हाय, आपटनारच की."

"आईच्या खुब्यात नवा सांधा आहे. थोडीसुद्धा आपटायची नाही."

"मग खाली कशी येनार? काय तरी एक सोडावं लागंल, ताई."

मला हे "काय तरी एक सोडावं लागंल" ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. बाईमाणसाला हे वाक्य लहानपणापासून ऐकवतात. मी घरी आले आणि मोबाईलवर गाड्या खाली आणणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायला लागले. ही बहुतेक हौशी पोरं. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसली की त्यांना स्वर्ग दोन बोटं उरतो. त्यांच्या बडबडीतून मला एक कामाची गोष्ट सापडली, ती म्हणजे स्पिंडल.

पुढचं चाक ज्या लोखंडी खुंट्यावर फिरतं, तो खुंटा ज्या भागाला असतो तो हा स्पिंडल. गाडीबरोबर येतो त्यात खुंटा ठरावीक जागी असतो. पण वेगळा बनवून मिळतो त्यात तोच खुंटा जरा वरच्या बाजूला बसवलेला असतो. खुंटा वर गेला की चाक वर जातं, आणि चाक तर जमिनीवरच राहणार, म्हणून गाडीचं धड तेवढंच खाली उतरतं. स्प्रिंगला कुणी हात लावत नाही. तिचं उसळणं, दबणं सगळं पहिल्यासारखं. खुर्ची ठेंगणी करायची पण गादी तशीच ठेवायची, इतकं ते सोपं होतं. मला हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

पुण्यात एका दुकानदाराकडं आमच्या गाडीला बसणारे स्पिंडल बनवून मिळणार होते. त्यानं फोनवर विचारलं, "मॅडम, गाडी शोला लावायचीय का?" मी म्हटलं, "आईला बसवायचंय." त्यानंतर तो प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला लागला. गाडीत बदल करायचा म्हणून आरटीओच्या परवानगीच्या कागदांसाठी मी ज्या खेपा घातल्या त्या सांगत बसत नाही. रजा संपत आली, माझ्या ऑफिसातल्या साहेबांचं तोंड वाकडं झालं, पण शिक्का मिळाला.

मिस्त्रींना पटवणं त्याहून अवघड होतं. त्यांनी स्पिंडल हातात घेऊन उलटसुलट फिरवला, नखानं टोकरला, वासही घेतला असं मला वाटतं.

"हे बाहेरचं सामान. तुटलं तर माजं नाव जाईल."

"म्हणूनच तुम्ही बसवायचं. दुसऱ्या कुणी बसवलं तर मला झोप लागायची नाही."

हे मी खरं बोलले होते आणि ते त्यांना आवडलंही. मी दिवसभर तिथंच लोखंडी खुर्ची टाकून बसले. पहिल्यांदा बसवलं तेव्हा पूर्ण वळणावर टायर आतल्या पत्र्याला घासला. मिस्त्रींनी "म्या म्हनलं नव्हतं?" अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, उतरवा, पत्रा सरळ करा, पुन्हा बसवा. ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना ते मी खाली वाकून स्वतः बघितलं. ड्रेसला ग्रीस लागलं ते अजून गेलेलं नाही. मागच्या बाजूला स्पिंडलचा प्रश्न नव्हता, तिथं पाटे, म्हणजे स्प्रिंगऐवजी एकावर एक रचलेल्या बाकदार लोखंडी पट्ट्या. ते काढून कमानवाल्याकडं नेले आणि त्यांची कमान जरा उतरवून आणली, म्हणजे मागची बाजूही पुढच्याइतकीच खाली बसेल.

पाटे उतरवताना मिस्त्रींनी मला विचारलं होतं, "मागं वजन किती असनार?"

"वजन कसलं? आम्ही दोघी मायलेकी, आणि एक पिशवी."

ते "बरं" म्हणाले. आम्ही दोघंही याच मुलखातले, दोघांच्याही घरच्या बायका माहेरी जाणाऱ्या-येणाऱ्या. तरी त्या वेळी ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

गाडी घरी आणली. आई लिफ्टनं खाली आली. तिनं आधी काठी फूटबोर्डाला लावून बघितली. दोरा बरोबर काठाला आला. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता असं नाही, पण तिला बाजारातही वजन काटा बघूनच घ्यायची सवय. मग तिनं दाराच्या कडीला धरलं, चांगला पाय वर टाकला, एकदा "आई गं" म्हणाली आणि सीटवर बसली. मी जवळ गेले नाही. हात पाठीमागं बांधून उभी राहिले आणि ते मला गाडी बदलण्यापेक्षा जड गेलं. होटगी रस्त्यापर्यंत एक फेरी मारली. आमच्याकडच्या स्पीड ब्रेकरांची ख्याती मी काय सांगू! घरी आल्यावर आई म्हणाली, "पोटातलं पानी हल्लं न्हाय." तिच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक मला दहावीच्या निकालालाही मिळालं नव्हतं.

कातरणीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आईनं नवं लुगडं नेसलं होतं, मामीसाठी एक साडी आणि पोराबाळांसाठी शेंगाचटणी, बास. दुधनी गेलं, डांबरी सुटली आणि मामांच्या वस्तीचा कच्चा रस्ता लागला. ट्रॅक्टरनं दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मध्ये गवताचा उंच वरंबा. मी एक चाक वरंब्यावर ठेवून हळूहळू गाडी काढली. खाली काही घासलं नाही. वस्तीवर पोचलो तेव्हा मामा कानडीत "बा आक्का, बा!", ये ये, करत पळत आले, दोन्ही हात पुढं करून. आईनं काठी आडवी धरली.

"लांब ऱ्हा. मी उतरते."

ती उतरली. मामी बघतच राहिल्या. दिवसभर आई बाजेवर बसून लोकर निवडत होती. काळी वेगळी, तपकिरी वेगळी, काटेकुसळं काढून टाकायची. मधूनच कातरणाऱ्याला ओरडायची, "कातडं नगं कापू रं, लोकर काप!" मी तिला इतकी खूश कितीतरी महिन्यांत बघितली नव्हती.

उन्हं कलायला लागली तशी आम्ही निघायची तयारी केली. मी हात धुऊन बाहेर आले आणि बघते तर जीपचं मागचं दार उघडं. आत ज्वारीची दोन पोती. त्यावर तुरीचं गाठोडं, कांदे, दोन मोठे भोपळे, गुळाची ढेप, आणि आईसाठी लोकरीचा एक गठ्ठा. मामी अजून एक पिशवी घेऊन येतच होत्या.

लेक माहेराहून रिकामी परत जात नाही. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? लहानपणी याच घरातून निघताना मी भोपळा मांडीवर घेऊन बसलेली आहे. तरीही मिस्त्रींना तोंड वर करून "एक पिशवी" सांगून आले होते.

वस्तीवरून निघालो आणि त्याच चाकोरीच्या तोंडाशी खालून खर्र आवाज आला. गाडी थांबली. मी उतरून वाकून बघितलं. मागचे पाटे जवळजवळ सपाट झाले होते आणि गाडीचं पोट वरंब्यावर टेकलं होतं. मामा मागून चालत आले.

"मामा, पोती उतरवू या."

मामांचा चेहरा पडला. "पोरी, आक्काला दिल्यालं म्या परत घरात कसं नेऊ? तुजी मामी मला उंबरा वलांडू देईल व्हय?"

"मग ट्रॅक्टरनं डांबरीपर्यंत पाठवा."

"ट्रॅक्टर गेलाय कारखान्याला."

मला रडू यायला लागलं आणि रागही आला. स्वतःचा, मिस्त्रींचा, भोपळ्यांचा, सगळ्यांचा. इतकं करून शेवटी आईला पुन्हा कुणीतरी उचलून बाजूला ठेवणार, असंच मला दिसायला लागलं. तेवढ्यात दाराची कडी वाजली. आई उतरली होती.

"आई, थांब! खाली दगड आहेत."

"मला डोळं हायती की." तिनं काठी टेकवली. "पोती बसू देत. मी चालते."

ती वरंब्यावरून चालायला लागली. काठी, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय, फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलं होतं अगदी तसं. मामा तिच्या मागं हात पसरून, लहान पोराच्या मागं चालावं तसे चालत होते. मी स्टिअरिंगवर बसले. आईचं वजन उतरल्यावर गाडी केसभर उचलली गेली होती. एक चाक वरंब्यावर घेतलं, खाली पुन्हा एकदा घासलं, आणि गाडी सुटली. मी तिच्या मागून तिच्याच चालीनं गाडी चालवत राहिले. माहेरच्या रानातून आई पुढं आणि तिची पोती गाडीत बसून मागं.

डांबरीला लागल्यावर मी गाडी थांबवली. आई घामानं डबडबली होती. तिनं सवयीनं काठी फूटबोर्डाला लावली. बोर्ड लाल दोऱ्याच्या चांगलाच खाली आला होता.

"बग," ती म्हणाली, "पोत्यांनी आनकी दोन बोटं खाली आनली. आता कशी माज्या मापाची झाली."

मामा पुढं झाले, हात तसेच पसरलेले. आईनं तिची काठी त्यांच्या हातात दिली.

"हे धर."

तिनं दोन्ही हातांनी दाराची कडी धरली, पाय वर टाकला आणि बसली. या खेपेला "आई गं"सुद्धा म्हणाली नाही. मग आतून हात पुढं करून तिनं काठी परत मागून घेतली, दार स्वतः ओढून लावलं आणि मला म्हणाली, "चल की."