डब्यातला कापूस

मुंबईकडे अगदी सुरुवातीला धावलेल्या विजेच्या लोकल गाड्यांचे म्हातारे डबे जळगावजवळच्या एका ठेकेदाराच्या शेडमध्ये यायचे. मोटारी काढायच्या, बाकं उखडायची, आत झोपायला फळ्या आणि एक मोरी बसवायची. मग रुळांची कामं करणारी माणसं त्यात राहत. मी त्या कामावर सुपरवायझर होतो.

डब्यातल्या विजेच्या यंत्रांच्या खोलीत, पत्र्यामागे, पांढरट तंतूंचा जाड थर असे. आमचा फिटर अमळनेरचा, पूर्वी कापसाच्या जिनात राबलेला. त्याने पहिल्याच दिवशी मूठभर तंतू पिंजून पाहिले.

"हाऊ ते कापूस शे, भाऊ."

"मग सरकी कुठंय?"

"सरकी इंग्रज खाई ग्यात."

सगळे हसले, मीही हसलो. तेव्हापासून शेडमध्ये त्या तंतूंचं नाव कापूसच पडलं. खान्देशात कापसाला कोण भितो? माणसं उघड्या तोंडाने तो ओरबाडून काढत.

माझ्या टेबलाच्या खणात मात्र सूचनापत्र होतं. हे ॲस्बेस्टॉस आहे, ओलं करूनच काढा, मास्क लावा, धूळ फुफ्फुसात बसते. मास्क मागवायचे तर काम थांबलं असतं. मी कुणाला काही सांगितलं नाही. डब्यात चढताना स्वतः तेवढा नाकावर रुमाल धरायचो. "साहेबले धूळ सोसत नही," म्हणून फिटर चिडवायचा.

पुढे तो दम लागून गेला. लोकांनी बिडीला दोष दिला. मीही दिला.

मी आता धुळ्यात राहतो. गेल्या महिन्यात त्याची बायको इथे छातीच्या तपासणीला आली आणि थेट माझ्या घरी आली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक शब्द लिहून, घरात कुणी यात काम करायचं का, असं विचारलं होतं. शब्द वाचताच मला खोकला आला. तो किती दिवसांचा आहे, हे मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"वहिनी, डब्यातला तो कापूस. तो हाच."

"तुमले माहीत व्हतं?"

"होतं."

ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "त्यासनी पिशवी भरीसन घर आना व्हता. मी उश्या भऱ्यात. एक अजून पोरकडे शे. नातू तेनावर निजस."

हे मला माहीत नव्हतं. मी तिच्या मुलीचा नंबर मागितला. तिनेच मुलीला फोन लावला आणि घंटा वाजत असताना तो माझ्या हातात दिला.

"माय, काय म्हने डॉक्टर?" पलीकडून आवाज आला.

"मी बोलतोय, बाबांच्या शेडमधला काका. आधी बाळाला दुसऱ्या खोलीत ने. मग ती उशी उचल. झटकू नको, फाडू नको."

"काब्र?" तिने कारण विचारलं. आणि मी पहिल्यापासून सांगायला लागलो.