चकमधली चावी

मामाच्या जबड्यात आता दोन प्लेट आहेत आणि त्या दादामुळे आहेत. आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी विचारायला नको.

मामा टर्नर. लेथवर लोखंड फिरवायचं आणि हत्याराने सोलायचं, चाळीस वर्षं हेच. त्याची लेथ वयाने त्याच्यापेक्षाही मोठी, एका बंद पडलेल्या कारखान्यातून उचललेली. काम शिकवलं उस्तादाने, आणि उस्ताद मारायचा. लेथचा जो भाग लोखंड धरून फिरतो तो चक. तो आवळायला वीतभर लोखंडी चावी असते. ती तशीच चकमध्ये विसरून मशीन सुरू केली की गोळीसारखी सुटते. म्हणून चावी चकमध्ये आहे तोवर तिच्यावरचा हात काढायचा नाही. मामाने पहिल्या महिन्यात तीनदा काढला. तिसऱ्यांदा उस्तादाने त्याच चावीने त्याचं मनगट फोडलं. ते अजून वाकडं आहे आणि मामा ते इतक्या प्रेमाने दाखवतो की मला शिसारी येते.

दादा म्हणजे मामाचा मुलगा. त्याच्यासाठी मामाने नऊ वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवाली मशीन घेतली. त्यात चावी वगैरे नाहीच, सगळं बटणावर, आणि दार उघडं असेल तर ती सुरूच होत नाही. दादा ती डोळे मिटून चालवायचा. लेथला त्याने कधी बोटही लावलं नाही.

"भंगारात घाला ते धूड," तो रोज म्हणायचा.

"आधी मला घाल," मामा म्हणायचा.

हसून म्हणायचा, पण आतून घाबरलेला होता. दादाला दुसऱ्या शहरात नोकरी मिळत होती, नव्याकोऱ्या मशीनवर. पोरगा गेला तर दुकान संपलं, हे मामाला माहीत होतं.

आणि मग पंपाच्या चाळीस शाफ्टचं काम अर्ध्यावर असताना कॉम्प्युटर मेला. मेकॅनिक आला, आत डोकावला, म्हणाला, "हा बोर्ड आता बनत नाही. कंपनीने बंद केलाय. नवीन मशीन घ्या."

"लोखंडाला काय झालंय?" मामाने विचारलं.

"लोखंड ठणठणीत आहे काका. डोकं गेलंय."

"नऊ वर्षांत? अरे, माझं बनियन यापेक्षा जास्त टिकतं."

मेकॅनिक हसला. दादा नाही हसला.

शाफ्ट सोमवारी द्यायचे होते, नाहीतर गिऱ्हाईक तुटलं. मामाने लेथवरचं फडकं ओढलं. "या, इंजिनियर साहेब. आता हाताने."

दोन दिवस नुसती जुंपली होती. गुरुवारी दुपारी मी डबा घेऊन गेले तर मामा ओरडत होता, "आवळ की जोरात. बरणीचं झाकण आहे का ते?"

"आवळतोय ना."

"काय आवळतोयस? बापजन्मात काही नीट केलं नाहीस."

"तुमच्या या दुकानापायी माझी नऊ वर्षं गेली. बास. आजच फोन करतो त्यांना, चाललो मी."

मामाने हातातला पाना भिंतीवर फेकला. दादाच्या कानाजवळून गेला तो. दादा वळला, चावी तशीच चकमध्ये सोडून, आणि संतापात मशीन सुरू करायचा दांडा खाली हाणला.

फक्त एक आवाज झाला. मामा खाली पडला होता, तोंडाच्या जागी नुसतं लाल, आणि त्याचे दात माझ्या चपलेपाशी. दादा "बाबा, बाबा" करत त्याचं डोकं मांडीवर घेत होता आणि मागे लेथ आपली फिरतच होती.

हॉस्पिटलमध्ये मामाचं तोंड तारांनी बांधलं. त्याने कागद मागितला आणि लिहिलं, 'मी त्याला शिकवलंच नाही.' चावीवरचा हात काढायचा नाही हे त्याच्या हाडातच होतं ना, ते सांगावं लागतं हे डोक्यातच आलं नसेल. मामी वाचून म्हणाली, "पडा आता गप," आणि रडायला लागली.

मी दुकानात गेले तर दादा घणाने कॉम्प्युटरवाली मशीन फोडत होता. काच, बटणं, पत्रा, सगळं. हातातून रक्त गळत होतं तरी हाणतच होता. मी ओरडून ओरडून घसा बसवला. शेवटी घण सुटला तेव्हा थांबला.

"शाफ्ट किती राहिले?" त्याने विचारलं.

"अठरा."

हाताला फडकं गुंडाळलं आणि लेथपाशी गेला. शुक्रवार, शनिवार तिथेच. लोखंडाच्या तापलेल्या किसाने कोपरापर्यंत भाजला. अठरा केले.

रविवारी मामा डॉक्टरांशी भांडून, म्हणजे खुणांनी भांडून, सरळ दुकानात आला. फुटलेल्या मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. मायक्रोमीटर घेतला आणि एकेका शाफ्टची जाडी मोजायला बसला. अकरा बाजूला ठेवले. सात एकामागून एक भिंतीवर हाणले, शेवटचा दादाच्या पायापासून बोटभर अंतरावर आपटला.

दादा हलला नाही. "फेकून झालं?"

मामाने मान हलवली.

"किती कमी सोललेत?"

मामाने नखाच्या टोकावर अंगठा ठेवून दाखवलं. केसभर.

"एवढ्यासाठी फेकले? परत सोलता आले असते ना ते. आता वाकलेत सगळे."

 मामा स्वतःच उठला आणि सात नव्या सळया आणून दादासमोर ठेवल्या. दादाने पहिली उचलली.

मामीने दारातून दोघांना घरी बोलावलं, तीनदा. कोणी मान वर केली नाही.