सातव्या पावलाचं बदक

दौंडे सर बोईसरला आमच्याकडे भाड्याने राहायला आले ते एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात लाकडी बदक घेऊन. उतरत्या फळीवर ठेवलं की ते बदक डुलत डुलत आपोआप चालायचं. पहिल्याच संध्याकाळी सर त्याच्यासमोर पालथे पडलेले दिसले. मला वाटलं, चक्कर आली.

सर मूळचे कोल्हापूरकडचे. पालघरच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. बदक कितव्या पावलाला थांबेल, हे त्यांना आधी कागदावर काढायचं असे. मी चहा ठेवायला गेले तर म्हणाले, "वहिनी, बेरीज-गुणाकार येतो न्हवं?"

"चौथीच शिकले, सर."

"मग झालं की! पाचवीचं हितं कायबी लागत न्हाई."

बदक आत्ता किती कललंय, किती वेगात आहे, त्यावरून पुढच्या क्षणाचं काढायचं. आलेलं उत्तर खालच्या ओळीत घेऊन पुन्हा तेच. शेवटी काय होतं असं विचारलं, की सर म्हणत, "शेवटाचं शेवटी. आत्ता कुठं हाय, तेवढं सांगा." भाकऱ्या उरकून मी तीन वह्या भरल्या. उत्तर आलं, सातवं पाऊल.

शाळेत मात्र हेडमास्तर वैतागले होते. "खेळणी बंद करा, पुस्तक शिकवा." सर म्हणाले, "एकदा घरी येऊन बघा. चुकलो तर बंद."

हेडमास्तर तीन मास्तरांना घेऊन आले. मी दाराआड. सरांनी बदक ठेवलं. त्याने पाय उचललाच नाही; सर्रकन घसरत थेट हेडमास्तरांच्या चहाच्या बशीत.

"पोहायला निघालं वाटतं!" एक मास्तर म्हणाले. सगळे हसले. हेडमास्तर चपला शोधू लागले. सर लाल कानांनी वही चाळत होते, माझ्या आकड्यांत चूक हुडकत.

चूक कुठे होती ते मला माहीत होतं. पण चार परक्या पुरुषांपुढे बोलायचं कसं? शेवटी डोळे मिटून दाराआडूनच ओरडले, "फळीला तेल हाय! पाहुणे येणार म्हणून मीच खोबरेल लावून चकचकीत केली!"

"उलटी करा फळी!" सर गरजले.

खालची बाजू खरखरीतच होती. तिच्यावर मी मांदेली मासळी सुकवायचे. हेडमास्तरांनी नाकाला रुमाल लावला, पण मोजू तेच लागले, "पाच... सहा... सात." बदक थांबलं.

"गणित कोणी केलं?"

सरांनी दाराकडे बोट केलं. मी तोवर चुलीपाशी पोचले होते.

सर निवृत्त होऊन गावी गेले, त्यानंतरची गोष्ट. शेजारची मुलगी त्याच शाळेतली. तिच्या वहीत पहिल्याच पानावर, दौंडे सरांनी जाण्याआधी लिहून दिलेलं होतं: 'वहिनींचा नियम. आकड्यांवर संशय घेण्याआधी विचारावे, फळी कोणी पुसली?'

"काकी, ह्या वहिनी कोण गं?"

"असतील कोणी शिकलेल्या," म्हटलं आणि आत गेले.