भाषणातलं माहेर

आमच्या अनाथाश्रमाचे साहेब अठरा वर्षं पुरी झालेल्या प्रत्येक मुलीला निरोप देताना रडतात. त्यासाठी टेबलाच्या खणात घडीचा वेगळा रुमाल असतो. "पोरी, हे तुझं माहेर. पंचमीला यायचं," या वाक्याला तो डोळ्यांना लागतो आणि कोरडाच परत खणात जातो. मी इथं स्वयंपाकाला आहे, त्यामुळं अशी सात-आठ माहेरं ऐकली आहेत.

यंदा पंचमीला एक मुलगी खरंच आली. चादरीच्या कारखान्यात लागलेली, सात रस्त्याजवळ खोली घेतलेली. लहानींसाठी चुरमुरे घेऊन आली होती. साहेबांनी तिला दारातच थांबवलं.

"भेट रविवारी. तीही नातेवाइकांनाच."

"साहेब, तुमीच म्हनला होता की, पंचमीला ये."

"अगं, ते निरोपाचं भाषण होतं!"

ती पिशवी घेऊन वळली. साहेबांपुढं मी कधी बोलत नाही. तिला हाताला धरून मागच्या दारानं चुलीपाशी नेलं आणि साहेबांच्या वाटणीची पुरणाची दिंडं वाढली.

दुपारी साहेबांनी ताटात बघून विचारलं, "दिंडं कुठायत?"

"संपली," मी म्हणाले. "माहेरवाशीण आली होती."