काउंटरच्या खाली

आमच्या फ्रेंच बिस्त्रोत, म्हणजे छोटेखानी हॉटेलात, तिला सगळे हाडताई म्हणायचे. बदक असो, ससा असो, नाहीतर हातभर लांब मासा, ती त्यातली हाडं अशी काढायची की मांस जागच्या जागी राहायचं. बापाचं मटणाचं दुकान, आई लवकर गेलेली, त्यामुळे दुकानातल्या लाकडी ठोकळ्यापाशीच ती वाढली. शाळेचा अभ्यासही तिथेच व्हायचा. वहीवरचे डाग कसले, हे शेवटपर्यंत बाईंच्या लक्षात आलं नाही, असं सांगून ती स्वतःच हसायची. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. "घरात एक म्हातारा पुरे," म्हणायची.

मी भाजीवाला, म्हणजे भाज्या सोलणारा आणि चिरणारा. सात वर्षं तिच्या डाव्या हाताला उभा होतो, तेव्हा हे काही ऐकीव सांगत नाही.

बिस्त्रो नव्या पद्धतीचा. इतर ठिकाणी स्वयंपाकघर मागे दडवतात, इथे ते समोर. मध्ये कमरेएवढा संगमरवरी काउंटर आणि पलीकडे टेबलं. लोक वाइन पीत आमची धावपळ बघत बसायचे. शेफ दिसायला राजबिंडा आणि तोंड कायम हसरं. जे काय करायचं ते तो काउंटरच्या खाली करायचा. गाजराचे तुकडे लहानमोठे झाले की बुटाचं लोखंडी टोक नडगीवर. सॉस फाटला की उकळत्या रश्श्यातून काढलेला चमचा मांडीवर. त्याच वेळी वर तो चार नंबरच्या टेबलावरच्या बाईंना विचारत असायचा, "सूप आवडलं ना?" आम्ही ओरडायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, फक्त "हो शेफ" म्हणायचं. नालायक होतो आम्ही सगळे, आणि मी तर पहिल्या नंबरचा.

हाडताईलाही चमचा बसला, तीनदा. तिसऱ्या वेळी मी बघत होतो. तिच्या हातात वीतभर सुरी आणि शेफचं पोट तिच्यापासून हातभर अंतरावर. तिचे ओठ पांढरे पडले, पण ती बदक कापत राहिली.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत मी विचारलं, "ताई, तुझ्या हातात सुरी असते, तरी तू सहन करतेस?"

"सुरी असते म्हणूनच," ती म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्याने लहानपणीच बजावलंय. हातात सुरी असताना रागवायचं नाही. राग आला तर आधी सुरी खाली ठेवायची. आता तूच सांग, इथे ती खाली ठेवायला वेळ कुठे मिळतो?"

ती हसली. मला काही हसू आलं नाही.

घरी मात्र तिने शेफ म्हणजे देवमाणूस, असंच सांगितलं होतं. लंगडत गेली की म्हणायची, जिन्यात पाय घसरला.

आमच्याकडे एक रीत होती. वर्षातून एकदा प्रत्येकाने घरच्या एका माणसाला घेऊन पाहुणा म्हणून जेवायला यायचं आणि शेफने स्वतः वाढायचं. हौस शेफचीच, फोटोही निघायचे. हाडताईने सहा वर्षं काही ना काही कारण काढून टाळलं. सातव्या वर्षी म्हातारा हट्टाला पेटला. "डोळे मिटायच्या आधी माझ्या पोरीचं काम बघू दे," म्हणाला.

आले दोघं. म्हातारा कडक इस्त्रीच्या शर्टात. टेबल काउंटरच्या अगदी समोरचं. शेफने बदकाच्या ताटल्या स्वतः मांडल्या, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, तुमची मुलगी म्हणजे या घराचा कणा." म्हातारा विरघळलाच.

शेफ आत आला. माझ्या हातून वाटाणे जास्त शिजले होते. त्याने हसत हसत चमचा उकळत्या रश्श्यात बुडवला, माझ्या मांडीला लावला आणि दाबून धरला. मी समोर बघत राहिलो. समोर हाडताई होती. सात वर्षांत आमच्याकडे ती पहिल्यांदाच त्या बाजूने बघत होती.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. म्हातारा घास चावता चावता थांबला. त्याने जन्मभर कापायला आणलेल्या जनावरांचे डोळे पाहिलेले. "त्या माणसाला मारतोय तो," तो हळूच म्हणाला. "तुलाही मारतो?" तिने काटा आणि सुरी ताटलीत शेजारी शेजारी ठेवली. वेटरला वाटलं जेवण झालं, त्याने ताटली उचलली. बदक अर्धं तसंच होतं.

"ठेवलीस ना सुरी?" म्हातारा म्हणाला. "मग जा."

बदकाची तंगडी सोडवायला सुरी लागतच नाही. सांधा कुठे आहे ते कळलं की पिळायचं, बस. हाडताई दारातून आत आली, शेफचा चमच्याचा हात मनगटाशी धरला, कोपराखाली दुसरा हात घातला आणि पिळला. तो आवाज मागच्या टेबलापर्यंत गेला. शेफ किंचाळला. तिने त्याची मान धरली आणि तोंड संगमरवरावर आपटलं. एकदा, दोनदा. रक्त काउंटरवरच्या ताटल्यांत उडालं. लोक खुर्च्या पाडत उठले.

"हो ताई म्हण!" ती ओरडली. "म्हण!"

तिसऱ्यांदा आपटल्यावर तो म्हणाला. त्याबरोबर दोन दातही बाहेर पडले. मला आनंद झाला, कशाला लपवू?

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात सगळ्या पाहुण्यांचं एकच म्हणणं. शेफ हसतमुखाने काम करत होता आणि ही बाई वेड्यासारखी आत घुसली. खोटं कोणीच बोलत नव्हतं. तिचं सगळं काउंटरच्या वर झालं होतं, त्याचं सगळं खाली. हाडताई कोठडीत होती. अधिकारी म्हणाला, जिवे मारायचा प्रयत्न आहे, सात-आठ वर्षं तरी आत जाईल. म्हातारा बाहेर बाकावर बसला होता, कालच्याच शर्टात. सात-आठ वर्षं त्याच्याकडे नव्हती, हे कोणालाही दिसत होतं.

आम्हाला एकेकाला आत बोलावलं. शेफचा दवाखान्यातून निरोप आला होता, बिस्त्रो चालू राहणार आणि सगळ्यांच्या जागा कायम. सॉस करणारा आमचा सॉसवाला आत जाऊन आला. "मी काही पाहिलं नाही म्हणून सांगितलं," माझ्याकडे न बघता म्हणाला. भांडी घासणाऱ्या बाईनेही तेच सांगितलं.

मग मी गेलो.

"तुम्ही काय पाहिलंत?" अधिकाऱ्याने मान वर न करता विचारलं.

सात वर्षं तोंडाला फक्त "हो शेफ"ची सवय. मी उभा राहिलो आणि पँटचा पट्टा सोडला.

"अहो, काय करताय काय!" अधिकारी ओरडला. दाराशी उभ्या असलेल्या महिला शिपायाने तोंड फिरवलं. पन्नाशीला आलेला माणूस मी, लाजेने कान तापले. पण पँट गुडघ्यापर्यंत खाली केली. मांडीवर एकाखाली एक डाग, सगळे चमच्याच्या आकाराचे. सगळ्यात वरचा कालचा, अजून ओला.

"मोजा," मी म्हणालो. "आणि त्या सॉसवाल्याला परत आत बोलवा. त्याचीही उतरवायला सांगा."